कपाऱ्यांचा पाहण्याचा सण: आधी डोळा ठरवा, मग विधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरीत सह्याद्रीच्या कड्यांत राहणारे 'कपारे' नावाचे काल्पनिक जीव आहेत. त्यांना सहा सोनेरी डोळे आहेत आणि अंगावर इंद्रधनुषी खवले आहेत. दर पौर्णिमेला ते तळ्याकाठी जमतात, पाण्यात आपलं रूप न्याहाळतात, मग एकमेकांच्या डोळ्यांत टक लावून पाहतात आणि सर्वांत सुंदर कपाऱ्याला प्रमुख नेमतात. खर्डा वाचणाऱ्यांचं म्हणणं, चित्र छान आहे पण पटत नाही. काय बदलावं?

बदलायचा आहे तो क्रम. तुम्ही आधी सण रचला, त्याला शोभेल असं सौंदर्य शोधलं आणि शेवटी डोळे चिकटवले. उलट जा. कपाऱ्यांचा डोळा काय पाहू शकतो आणि काय नाही हे ठरलं, की त्यांना काय सुंदर वाटेल याच्या शक्यता दोन-चारच उरतात, आणि विधीचे निम्मे नियम त्यातूनच निघतात.

आधी आहे त्या प्रसंगाची झाडाझडती घेऊ. पौर्णिमेचा उजेड जमिनीवर साधारण 0.1 ते 0.3 लक्स भरतो. एवढ्या उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग जवळजवळ कळत नाहीत. म्हणजे 'चांदण्यात चमकणारे सोनेरी डोळे' कोणाला दिसले? निवेदक माणूस असेल तर नाहीच दिसणार. खवल्यांचंही तेच. दुसरी अडचण तळ्याची. पाण्यात सरळ खाली पाहिलं तर पडलेल्या उजेडाचा अंदाजे 2 टक्केच भाग परत येतो. शिवाय चंद्र डोक्यावर असताना वाकलं की चेहरा स्वतःच्याच सावलीत जातो. पाण्यात दिसतं ते आकाश, आणि त्यात डोक्याच्या आकाराचं एक काळं भोक. प्रतिबिंब हवंच असेल तर चंद्र समोर क्षितिजालगत हवा आणि पाणी संथ, गडद हवं. तरीही नाकडोळे दिसतील ते जेमतेम. माझा सल्ला, तळं काढून टाका.

आता सहा डोळे. जादा अवयव दिला की त्याला काम द्यावं लागतं. उड्या मारणाऱ्या कोळ्याला आठ डोळे असतात, पण समोरचे दोन मोठे डोळे बारकावा पाहतात आणि बाकीचे मुख्यतः हालचाल टिपतात. एखादी माशी बाजूने गेली की आडवे डोळे खबर देतात, कोळी वळतो आणि मोठे डोळे तिच्यावर लावतो. तुमच्या सहा डोळ्यांत अशी वाटणी कुठेच नाही. डोळे किंवा रंगग्राहक पेशी जास्त म्हणजे नजर श्रेष्ठ, हेही खरं नाही. मँटिस श्रिंप नावाच्या समुद्री जिवाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या 12 प्रकारच्या पेशी असतात, माणसाच्या डोळ्यात 3. पण 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जवळजवळच्या छटांमधला फरक ओळखण्यात तो माणसापेक्षा पुष्कळ मागे पडला. तो रंगांची तुलना करत बसत नाही, झटपट ओळखतो आणि पुढे जातो. सहातले चार डोळे काढा. मुखपृष्ठाच्या चित्रकाराला वाईट वाटेल, पण वाचकाला काही उणं वाटणार नाही.

सोनेरी रंगावर जीव असेल तर एक वाट आहे. रातचरी पतंगांच्या एका जातीला ताऱ्यांच्या उजेडातही रंग ओळखता येतात, हे 2002 मध्ये दाखवलं गेलं. निशाचर पालींच्या एका जातीची अंधुक उजेडातली रंगदृष्टी माणसापेक्षा सुमारे 350 पट संवेदनशील असल्याचं पुढे 2004 मध्ये दिसलं. कपाऱ्यांना असा डोळा द्या आणि निवेदन पूर्णपणे त्यांच्या बाजूने करा. मात्र मग माणूस-पात्राला त्या रात्री सगळं काळं-राखाडीच दिसलं पाहिजे आणि दोघांच्या वर्णनात ही तफावत शेवटपर्यंत पाळावी लागेल. कठीण काम आहे.

मी दुसरी वाट घेईन. कपाऱ्यांना माणसाच्याच रात्रीच्या डोळ्याची जरा तीव्र आवृत्ती द्या. याचा फायदा असा की वाचक गच्चीवर जाऊन तुमचं म्हणणं स्वतः तपासू शकतो. या डोळ्याचे तीन स्वभाव आहेत.

पहिला वेळेचा. उजेडातून काळोखात आल्यावर डोळा पुरता सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि एका भगभगीत ठिणगीने ती कमाई क्षणात जाते. दुसरा रंगाचा. संध्याकाळ उतरते तसा लाल रंग सर्वांत आधी काळा पडतो, निळा-हिरवा त्या मानाने उजळ राहतो. जास्वंदीचं झुडूप तिन्हीसांजेला पाहा. दुपारी पानांतून उठून दिसणारं फूल पानांपेक्षाही काळं होतं.

तिसरा स्वभाव सर्वांत कामाचा. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर, जिथे आपण थेट रोखून पाहतो तिथे, अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी नसतातच. हा भाग हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीहून थोडा लहान भरतो. दंडपेशींची दाटी सर्वांत जास्त असते ती मध्यापासून सुमारे 20 अंशांवर. म्हणून अगदी फिकट तारा थेट पाहिला की गायब होतो आणि किंचित बाजूला पाहिलं की परत येतो. आकाशनिरीक्षण करणाऱ्यांना ही युक्ती पहिल्याच रात्री शिकवतात.

याचा अर्थ कपाऱ्यांच्या जगात काळोखात एखाद्याकडे थेट पाहिलं की तो नाहीसा होतो. पाहणाऱ्यापुरता, पण खरोखर नाहीसा होतो. तुमच्या खर्ड्यातलं 'डोळ्यांत डोळे घालून टक लावून पाहणं' हा त्यांच्याकडे सर्वांत मोठा अपमान ठरायला हवा, आणि प्रेमाची, आदराची नजर तिरपी. आई बाळाकडे तिरपं पाहते. भांडणात थेट पाहतात. या कृतीला शब्दही आपल्या भाषेत तयार आहे: पुसणं. मराठीत पुसणं म्हणजे विचारणं आणि पुसणं म्हणजे नाहीसं करणं. 'त्याने मला पुसलं' या वाक्याचा अर्थ माणूस-पात्र एक लावेल आणि कपारे दुसरा. या एका गैरसमजावर दोन प्रकरणं उभी राहतात. झ्ऱ, क्थ असली जोडाक्षरं कोंबून परकी भाषा बनवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आता सौंदर्य. इथे हमखास होणारी चूक म्हणजे माणसाला जे सुंदर वाटतं तेच त्यांनाही वाटवणं. प्राण्यांमध्येही पाहणारा नेमकं काय पाहतो हे आपल्या अंदाजाबाहेरचं असतं. लांडोरीच्या डोक्यावर नजर टिपणारं यंत्र बसवून केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. मोर समोर नाचत असताना तिची नजर मुख्यतः पिसाऱ्याच्या खालच्या भागावर फिरत होती, आणि बराच वेळ तर ती मोराकडे पाहतच नव्हती, आजूबाजूला पाहत होती. उत्तर ऑस्ट्रेलियातला मोठा बोवरबर्ड नावाचा पक्षी काटक्यांच्या बोगद्यासमोर दगड आणि हाडं मांडतो, लहान जवळ आणि मोठी लांब, त्यामुळे आत उभ्या मादीला अंगण सपाट, एकसारखं दिसतं. संशोधकांनी मांडणी उलटी केली तर नराने तीन दिवसांत ती पुन्हा पहिल्यासारखी केली. त्याचं कसब दगडांत नाही, मादी जिथे उभी राहते तिथून काय दिसेल हे जपण्यात आहे. कपाऱ्यांचं सौंदर्यही पाहणाऱ्याच्या जागेवरून ठरवा.

तिरप्या नजरेला बारीक नक्षी दिसत नाही. हालचाल मात्र चांगली दिसते. आणखी एक गंमत: नजर एका जागी खिळवून ठेवली की कडेला असलेली स्थिर, फिकट वस्तू हळूहळू विरघळून जाते. ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने हे 1804 मध्ये नोंदवलं. म्हणजे जो स्थिर उभा राहील तो दिसेनासा होईल, जो फार हलेल त्याच्यावर नजर आपोआप थेट वळेल आणि तोही पुसला जाईल. या दोन्हींच्या मधली एक संथ लय आहे, तिच्यात जो राहील तोच दिसत राहतो. त्यांच्या भाषेत 'सुंदर'ला 'न विझणारा' म्हणा. गोरेपणा, चाफेकळी नाक, टपोरे डोळे, सगळं बाद.

उजेड कशाचा, हे ठरवायला पौर्णिमा सोडून अमावास्येला या. श्रावण अमावास्या, म्हणजे पिठोरीची रात्र. पावसाळ्यात भीमाशंकरसारख्या सदाहरित जंगलांत कुजक्या ओल्या लाकडावरची काही बुरशी स्वतःच्या उजेडाने चमकते. फोटोत ती गर्द हिरवी दिसते. उघड्या डोळ्यांना मात्र पुष्कळदा राखाडी-पांढुरकी, कारण उजेड रंग जागवण्याइतका नसतो. हा हिरवा उजेड दंडपेशींना सर्वांत चांगल्या दिसणाऱ्या रंगाच्या जवळपास पडतो, त्यामुळे या डोळ्यासाठी तो उत्तम. लाकूड वाळलं की उजेड मंदावतो. म्हणून विधीत उतरणाऱ्या कपाऱ्याने लाकडाचे तीन तुकडे ओल्या शेवाळात गुंडाळून दिवसभर ओले ठेवायचे, रात्री दोन मनगटांना आणि एक छातीवर बांधायचा. तीनच का? दोन ठिपक्यांत अंतर कळतं, तिसऱ्याने कोन कळतो, म्हणजे अंगाची लय कळते. पाच-सात केले तर तिरप्या नजरेत त्यांचा गोंधळ होतो.

काजवे वापरायचा मोह होईल, पण आपल्याकडे काजव्यांचा बहर मे अखेर ते जूनमध्ये, पावसाच्या तोंडाशी असतो. पिठोरीला काजवे दाखवलेत तर भंडारदऱ्याला जाऊन आलेला कोणीही वाचक पुस्तक मिटेल.

रात्रीचा क्रम साधारण असा ठेवा. ऑगस्टच्या अखेरीस सूर्य सातला दहा कमी असताना मावळतो. सव्वासातपर्यंत माणसाला वाट दिसेल एवढा संधिप्रकाश असतो, पुरता काळोख व्हायला आठ-सव्वाआठ वाजतात. कपारे दिवसभर गुहेत असल्याने त्यांचे डोळे सरावलेलेच. जो उशिरा, उजेडातून येईल त्याने अर्धा तास घोंगडीखाली डोकं घालून बसायचं. त्याआधी कोणाकडे पाहिलं तरी ते ग्राह्य नाही. मग पाहणारे गोलात बसतात, प्रत्येकासमोर एक पांढरा दगड. नजर दगडावर ठेवायची, पण खिळवायची नाही, अधूनमधून बोटभर सरकवायची. नाचणारा दगडाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने, दोन-तीन हात लांबून जातो. ज्याला तो दिसेनासा झाला त्याने आपला दगड उलटा करायचा. एका फेरीअखेर ज्याचे सर्वांत कमी दगड उलटले, तो त्या वर्षीचा 'न विझणारा'. मत द्यायला तोंड उघडावं लागत नाही आणि लबाडी करायला भरपूर वाव आहे, जो तुम्हाला हवाच आहे.

प्रमुख नेमण्याचं मी काढून टाकलं आहे. सुंदर तो राजा हे फार सरधोपट झालं. न विझणाऱ्याला एखादं नकोसं काम द्या: पुढच्या अमावास्येपर्यंत मेलेल्यांना शेवटचं पाहणं, म्हणजे थेट पाहून पुसणं. मृताच्या अंगाला गेरू लावतात, कारण लाल रंग संध्याकाळी आधी जातो. ज्या कृतीने जिवंतपणी अपमान होतो तीच मेल्यावर निरोपाची होते.

विधी पटतो तो त्यातल्या मनाईमुळे, आणि मनाई मोडल्यावर काही घडतं म्हणून. आपल्याकडचा अंतरपाट बघा. मंडपातल्या सगळ्यांना नवरा-नवरी दिसतात, फक्त त्या दोघांना एकमेकं दिसत नाहीत. मध्ये कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं हातभर कापड, तेवढ्यावर मंगलाष्टकं संपेपर्यंत सगळा ताण धरलेला असतो. कोणी, कोणाला, किती वेळ पाहायचं नाही, एवढंच ठरवलेलं आहे. महाभारतात व्यासांना पाहून अंबिकेने डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र आंधळा झाला, अंबालिका फिकी पडली म्हणून पंडू. पाहण्यातल्या चुकीची किंमत पुढची सगळी कथा मोजत राहते. आणि दमयंतीच्या स्वयंवरात नळाच्या रूपात चार देव येऊन बसले तेव्हा ती रूपावरून नळाला ओळखत नाही, रूप तर पाचांचं सारखंच. देवांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांना घाम नाही, माळा कोमेजलेल्या नाहीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. ज्याची सावली पडते, ज्याची माळ सुकली आहे, तो नळ. तिथे निवड उणिवेवर झाली. तुमच्या नायिकेला 'सर्वांत सुंदर' शोधायला लावण्याआधी हा प्रसंग एकदा मुळातून वाचा.

तुमच्या विधीत बिघाड कुठून आणायचा? उजेड ही पहिली जागा. पाहुणा माणूस नकळत टेंभा घेऊन आला की सगळ्यांचे डोळे गेले, पुढचा अर्धा तास कोणालाच काही दिसणार नाही आणि तोवर शेवाळ वाळत जाणार. या क्षणी एक बारकावा सांभाळा. मांजरासारखे कपाऱ्यांचे डोळे उजेडात लखलखतात असं तुम्ही लिहिलं आहे. तसे डोळे स्वतः उजेड देत नाहीत, आलेला उजेड आला त्याच दिशेने परत टाकतात. म्हणून लखलखणारे डोळे दिसतील ते फक्त टेंभा डोळ्यांजवळ धरलेल्यालाच. त्याच्या शेजारी चार हातांवर उभ्या असलेल्याला काहीच दिसणार नाही. 'मी शंभर डोळे पाहिले' असं एकाने सांगावं आणि सोबत्यांनी त्याला वेड्यात काढावं, हे इथे अगदी शास्त्रशुद्ध आहे. आणि खलपात्र हुशार असेल तर तो मंद, गर्द लाल दिवा वापरेल. दंडपेशींना तो उजेड जवळजवळ कळत नाही. कपाऱ्यांना थेट रोखूनही पाहायची सवय नाही, त्यामुळे त्यांच्यामधून तो चालत गेला तरी त्यांना पत्ता लागणार नाही.

दुसरी जागा त्यांच्यातलाच एक जीव. रातांधळेपणा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येऊ शकतो, तेव्हा दंडपेशींचं रंगद्रव्य पुरेसं बनत नाही. असा एक पोर कपाऱ्यांत जन्माला घाला. काळोखात त्याला काहीच दिसत नाही, आवाज येईल तिकडे ते तोंड वळवतं आणि त्याचे डोळे समोरच्यावर थेट रोखले जातात. म्हणजे ते भेटेल त्याला पुसत सुटतं. त्याचा काहीच दोष नाही, आणि जमातीच्या नियमाने त्याच्यासारखा उद्धट दुसरा नाही. आहारात यकृत आलं की हा दोष सुधारू शकतो, त्यामुळे कथेला औषधही मिळतं आणि ते कोणी, का दडवलं हा प्रश्नही.

लिहिताना होणाऱ्या चुकांसाठी एक यांत्रिक उपाय सांगतो. प्रसंग लिहून झाला की कपाऱ्यांच्या बाजूच्या निवेदनातला प्रत्येक रंगवाचक शब्द अधोरेखित करा आणि काढा. त्याच्या जागी उजेडाचे, कडांचे, हालचालीचे शब्द आणा. मराठीत ते मुबलक आहेत: अंधुक, झावळं, मिणमिण, लुकलुक, धूसर, गडद. मग 'पाहिलं' हे क्रियापद शोधा. प्रत्येक ठिकाणी थेट की तिरपं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे, वाक्यात लिहिलं नसलं तरी. हजार शब्दांच्या प्रसंगात विधीचं स्पष्टीकरण शंभर-सव्वाशे शब्दांवर जाऊ देऊ नका. आणि ते म्हाताऱ्या जाणत्या कपाऱ्याच्या तोंडी तर मुळीच नको. वर सांगितलेल्या नियमांपैकी तीनच पुस्तकात उघड करा: थेट पाहू नये, उजेड आणू नये, दिसेनासा झाला की दगड उलटावा. बाकीचे तुम्हाला माहीत असणं पुरेसं आहे.

इंद्रधनुषी खवले मात्र राहू द्या. दिवसाउजेडी एखादा कपारा गुहेच्या तोंडाशी मरून पडलेला सापडतो आणि माणसाला ते झगमगतं अंग दिसतं, असा प्रसंग ठेवा. कपाऱ्यांना स्वतःच्या अंगावरचे हे रंग कधी दिसलेलेच नाहीत. माणूस भारावून वर्णन करत राहतो, ऐकणाऱ्या कपारणीला त्यातला एकही शब्द कळत नाही, आणि ती एवढंच पुसते: 'तो हलत होता का?'